पाचवीच्या वर्गातून मंडळाच्या खुर्चीत: मिलवॉकीचं एक प्रकरण

२ एप्रिल २०१९, मंगळवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात त्या दिवशी मतदान होतं. तिथे न्यायाधीशही लोकच निवडतात, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेकडे लागलेलं होतं. ती लढत शेवटी सहा हजारांच्या आसपास मतांनी सुटली. मिलवॉकी शहरातल्या मतपत्रिकेवर मात्र त्याखाली आणखी काही नावं होती. तिथवर पोचेपर्यंत बऱ्याच मतदारांचा उत्साह संपलेला असतो. ती नावं शाळा मंडळाच्या उमेदवारांची होती. मंडळाचे नऊ सदस्य: आठ आपापल्या प्रभागातून आणि नववा सगळ्या शहराने निवडलेला. त्या दिवशी नऊपैकी पाच जागांसाठी मतदान झालं आणि शिक्षक संघटनेने पाठिंबा दिलेले पाचही उमेदवार निवडून आले. शहरभराच्या जागेवर आले बॉब पीटरसन.

पीटरसन पाचवीचे शिक्षक. मिलवॉकीच्या सरकारी शाळांत सुमारे तीन दशकं त्यांनी शिकवलं. २०११ ते २०१५ या काळात ते मिलवॉकी टीचर्स एज्युकेशन असोसिएशनचे, म्हणजे शहरातल्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते. ज्या मंडळाशी पगार आणि नोकरीच्या अटींवरून भांडण्यात ती चार वर्षं गेली, त्याच मंडळात आता ते सदस्य म्हणून बसणार होते. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

प्रकरण म्हणून मला यात रस आहे तो याचसाठी. मागणाराच उद्या देणाऱ्याच्या जागी बसला तर काय होतं? ऊस उत्पादकच साखर कारखान्याचे संचालक असतात आणि उसाचा भावही तेच ठरवतात, ही आपल्याकडची जुनीच गोष्ट. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. फक्त मिलवॉकीत त्याचं उत्तर वेगळ्या दिशेने गेलं.

आधी एक शब्द मोकळा करून घेऊ. ‘बोर्ड’ म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीची परीक्षा आठवते. फार तर महापालिकेचं जुनं शिक्षण मंडळ आठवेल, नगरसेवकांनी निवडून दिलेलं. अमेरिकेतलं स्कूल बोर्ड या दोन्हींसारखं नाही. ते एका शाळा जिल्ह्याचं, म्हणजे एकाच प्रशासनाखाली येणाऱ्या सरकारी शाळांच्या भागाचं, स्वतंत्र सरकारच असतं म्हणा ना. शिक्षणप्रमुखाची नेमणूक, अंदाजपत्रक, कोणती शाळा उघडायची आणि कोणती बंद करायची, भरती, धोरण हे सगळं त्याच्याकडे. सदस्यांना लोक थेट निवडतात आणि विस्कॉन्सिनमध्ये ही निवडणूक पक्षचिन्हाशिवाय होते. मिलवॉकीच्या मंडळाकडे तेव्हा सुमारे पाऊण लाख मुलं होती आणि अंदाजपत्रक एक अब्ज डॉलरहून मोठं.

आणि आपल्याकडे? विधान परिषदेत शिक्षकांसाठी सात जागा आहेत. पण राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे त्या मतदारसंघात मत देता येतं ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचं नाव त्या यादीत नसतं. म्हणजे पाचवीपर्यंतच्या आपल्या एखाद्या शाळेत पीटरसन शिकवत असते तर त्या निवडणुकीत ते मतदारसुद्धा नसते.

मास्तर कसे होते

मिलवॉकीच्या रिव्हरवेस्ट भागात फ्रॅटनी नावाच्या रस्त्यावर एक जुनी शाळा आहे. १९८८ च्या सुरुवातीला प्रशासनाने ठरवलं की ही शाळा तिथून हलवायची आणि इमारतीत शिक्षकांना प्रशिक्षण देणारं केंद्र काढायचं. वस्तीतले काही पालक आणि शिक्षक एकत्र आले आणि त्यांनी दुसराच प्रस्ताव मांडला: इथे इंग्रजी बोलणारी आणि स्पॅनिश बोलणारी मुलं एका वर्गात बसतील, दोघंही दोन्ही भाषांत शिकतील आणि शाळा चालवण्यात पालक-शिक्षकांचा वाटा असेल. पीटरसन या गटात होते. सभा झाल्या, सुनावण्या झाल्या, मंडळाने प्रस्ताव मान्य केला आणि त्याच वर्षी ‘ला एस्कुएला फ्रॅटनी’ सुरू झाली.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९८६ मध्ये, मिलवॉकीतल्याच काही शिक्षकांनी ‘रीथिंकिंग स्कूल्स’ हे नियतकालिक काढलं होतं. पीटरसन त्याच्या संस्थापकांपैकी एक. सुरुवातीला शहरापुरतं असलेलं हे पत्र पुढे देशभरातल्या शिक्षकांत वाचलं जाऊ लागलं. पाठ्यपुस्तकातला कोलंबस वर्गात कसा शिकवायचा इथपासून प्रमाणित चाचण्यांचं काय करायचं इथपर्यंत सगळं त्यात येई, आणि कित्येकदा शिक्षक संघटनेवरची टीकाही.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पीटरसन संघटनेतून वर आले हे खरं, पण संघटनेवर ते खूश होते असं नाही. पगार-पेन्शनपलीकडे संघटनेला काही दिसत नाही, वस्तीतल्या काळ्या आणि लॅटिनो पालकांना ती आपली वाटत नाही, ही त्यांची तक्रार जुनी. शिक्षकांच्या हक्कांसाठी भांडायचं, अध्यापनाच्या दर्जाची जबाबदारी स्वतः घ्यायची आणि वस्तीच्या न्यायाच्या प्रश्नांवर पालकांबरोबर उभं राहायचं, या तिन्ही गोष्टी एकदम केल्याशिवाय संघटना टिकणार नाही, असं ते मांडत. ऐकायला हे गोड वाटतं. करायला गेलं की पहिलं काम बाकीच्या दोघांना गिळून टाकतं, हे कुठल्याही संघटनेत काम केलेल्या माणसाला ठाऊक असेल.

अ‍ॅक्ट १०

पीटरसन संघटनेचे अध्यक्ष झाले तेच मुळी वाईट वेळी. फेब्रुवारी २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी एक विधेयक आणलं. राज्याची राजधानी मॅडिसन, तिथल्या विधानभवनात हजारो माणसं ठाण मांडून बसली, गणसंख्या होऊ नये म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाचे १४ सिनेटर शेजारच्या इलिनॉयमध्ये निघून गेले, तरी ११ मार्चला कायद्यावर सही झालीच. हाच तो अ‍ॅक्ट १०.

त्याचा तपशील समजून घेतला पाहिजे, नाहीतर २०१९ चं काहीच उमगणार नाही. पोलीस आणि अग्निशमन दल वगळून राज्यातल्या बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना आता फक्त मूळ वेतनावर वाटाघाटी करता येणार होत्या. वर्गात मुलं किती, तयारीला वेळ किती, बदल्या कशा, आजारपणाच्या रजा किती, काहीही टेबलावर ठेवायचं नाही. मूळ वेतनातली वाढही महागाई निर्देशांकाच्या पुढे जाता कामा नये. न्यायचीच असेल तर स्थानिक मतदान घ्या. पगारातून वर्गणी कापून संघटनेला देणं बंद. आणि सगळ्यांत कळस म्हणजे दर वर्षी संघटनेने मतदान घेऊन आपण प्रतिनिधी आहोत हे पुन्हा सिद्ध करायचं. त्यासाठी झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. त्या गटातल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्के हवेत. जो मत द्यायला आलाच नाही तो विरोधात धरला जाणार.

हे घडलं विस्कॉन्सिनमध्ये, हे विसरू नका. स्थानिक सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क कायद्याने देणारं देशातलं पहिलं राज्य हेच होतं, १९५९ साली.

मिलवॉकीच्या संघटनेचा आधीचा करार २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत चालणार होता, त्यामुळे पूर्ण मार तेव्हा बसला. करार गेला आणि त्याच्या जागी आलं हँडबुक, म्हणजे नोकरीच्या नियमांची पुस्तिका. करार दोघांनी मिळून लिहायचा असतो. हँडबुक मंडळ लिहितं आणि मंडळ बदलतं. संघटना फार तर सुचवू शकते.

माझ्या मते या प्रकरणाचा सांधा इथे आहे. पूर्वी मंडळात कोण बसलंय हे शिक्षकांसाठी महत्त्वाचं होतंच, पण करार हातात असला की मंडळ कितीही खडूस असो, काही गोष्टी सुरक्षित असत. करार गेल्यावर सगळं मंडळाच्या नऊ मतांवर आलं. संघटनेला राजकारणातून हद्दपार करण्यासाठी आणलेल्या कायद्यानेच तिला मंडळाच्या निवडणुकीत उतरण्याचं सगळ्यांत ठोस कारण दिलं. संपाचा रस्ताही नव्हता. तिथे शिक्षकांचा संप बेकायदा आहे. २०१९ च्याच जानेवारीत लॉस एंजेलिसचे शिक्षक सहा दिवस संपावर गेले आणि त्या लाटेवर मे महिन्यात जॅकी गोल्डबर्ग या जुन्या शिक्षिका तिथल्या मंडळावर परत निवडून आल्या. मिलवॉकीला अशी लाट उठवायला परवानगी नव्हती. दारोदार फिरणं मात्र कायद्याने बंद केलेलं नव्हतं.

तरी मंडळ होतं हेही काही कमी नव्हतं. २००९-१० मध्ये शिक्षणप्रमुख नेमण्याचा अधिकार मंडळाकडून काढून महापौरांना द्यावा, असा घाट घातला गेला. तो घालणारे गव्हर्नर जिम डॉइल आणि महापौर टॉम बॅरेट दोघंही डेमोक्रॅट. म्हणजे शत्रू फक्त एका पक्षात होता अशी सोपी गोष्ट नाही. ते विधेयक बारगळलं. २०१५ मध्ये पुन्हा कायदा झाला: कमी निकालाच्या शाळा काउंटीने (शहराहून मोठ्या स्थानिक प्रशासनाने) नेमलेल्या आयुक्ताच्या ताब्यात द्यायच्या. पहिल्याच आयुक्ताने वर्षभरात राजीनामा दिला आणि एकही शाळा हलली नाही. दोन्ही वेळा पालक, वस्तीतल्या संस्था आणि शिक्षक एकत्र येऊन लढले. २०१९ चे कार्यकर्ते आणि त्यांचे फोन नंबर याच लढायांतून जमा झालेले होते.

आक्षेप काय होता

आक्षेप सरळ होता. संघटनेच्या पाठिंब्याने, तिच्या पैशाने आणि तिच्या कार्यकर्त्यांच्या पायपिटीने निवडून आलेला माणूस उद्या तिच्याशीच मंडळाच्या वतीने कसा बोलेल? करदात्याची बाजू कोण घेणार? मुलांची?

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नोकरीत असलेला शिक्षक आपल्याच जिल्ह्याच्या मंडळावर बसू शकत नाही, ही दोन पदं तिथे विसंगत मानली जातात. पीटरसन नोकरीतून बाहेर पडलेले होते, तेव्हा स्वतःचा पगार वाढवून घेतला असा आरोप कुणी करू शकत नव्हतं. पण निष्ठेचा प्रश्न पगारापुरता नसतो.

यात एक गंमत आहे, जी मला प्रचाराच्या भाषणांपेक्षा जास्त बोलकी वाटते. १९७४ मध्ये याच राज्यातल्या हॉर्टनव्हिल गावचे शिक्षक करारासाठी संपावर गेले. मंडळाने त्यांची सुनावणी स्वतःच घेतली आणि त्यांना काढून टाकलं. शिक्षक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की जे मंडळ वाटाघाटीत आमच्यासमोर बसलेलं होतं, तेच आमचं न्यायाधीश कसं? प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९७६ मध्ये निकाल मंडळाच्या बाजूने लागला. सदस्यांचा वैयक्तिक वा आर्थिक स्वार्थ दाखवता आलेला नाही, केवळ ते वाटाघाटीत एक पक्ष होते म्हणून त्यांना अपात्र ठरवता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे एका बाजूला झुकलेलं मंडळ चालतं, हे विस्कॉन्सिनच्या शिक्षकांना त्यांच्या नोकऱ्या जाताना सांगून झालेलं होतं. चाळीस वर्षांनी पारडं दुसरीकडे झुकल्यावर निष्पक्षतेची आठवण झाली.

अर्थात याने आक्षेप खोटा ठरत नाही. ‘तुम्हीही केलंत’ हे उत्तर कुणालाच शोभत नाही.

साखर कारखान्याचा दाखला मी वर दिला तो इथे अपुरा पडतो. कारखान्याच्या संचालकाला भाव वाढवून देता येतो, कर्ज काढून का होईना. मिलवॉकीच्या मंडळाला वेतनवाढ महागाईपलीकडे मनाने देता येत नव्हती, कायदाच आड होता. शिवाय १९९३ पासून प्रत्येक शाळा जिल्ह्याने राज्य अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर मिळून किती महसूल गोळा करायचा यावरही राज्याची मर्यादा आहे. ती ओलांडायची तर थेट मतदारांना विचारा. त्यातच १९९० पासून मिलवॉकीत व्हाउचर योजना आहे, देशात अशी पहिली. खासगी शाळेत जाणाऱ्या गरीब मुलांची फी सरकार भरणार. सात शाळा आणि साडेतीनशेच्या आत मुलं इथून सुरुवात झाली. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती धार्मिक शाळांनाही खुली करायला मान्यता दिली आणि मग आकडा फुगत गेला. मुलं जातात तसा पैसा जातो. इमारती, पेन्शन आणि विशेष गरजा असलेली मुलं मागे राहतात.

तेव्हा पीटरसन ज्या खुर्चीत बसले तिच्या पेटीची किल्ली मॅडिसनमध्ये होती. वेतनाच्या बाबतीत हितसंबंधांचा धोका म्हणूनच लहान होता. मोठा धोका कुठे होता याकडे मी येतोच.

करोना आणि सार्वमत

नव्या मंडळाने पहिलं मोठं पाऊल उचललं ते पैशाचं. वर्षाला ८ कोटी ७० लाख डॉलरपर्यंत महसूल मर्यादा वाढवायला परवानगी द्या, असं मतदारांना विचारायचं ठरलं. आकडा एकदम नाही, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठायचा. कशासाठी, तर चित्रकला, संगीत, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयं, द्विभाषिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण. थोडक्यात, पैसा आटला की जे आधी कापलं जातं ते.

तारीख ठरली ७ एप्रिल २०२०. तोवर करोना आला. निवडणूक पुढे ढकलायची की नाही यावर शेवटच्या दिवसापर्यंत कोर्टबाजी चालली आणि अखेर ठरल्या दिवशीच मतदान झालं. मिलवॉकीत एरवी १८० च्या आसपास केंद्रं असतात, त्या दिवशी उघडली पाच. पाचही शहरातल्या हायस्कुलांत. मास्क लावलेली माणसं एकमेकांपासून अंतर राखून तासन्‌तास रांगेत उभी होती, मध्येच पाऊसही पडून गेला. ते फोटो जगभर गेले. बऱ्याच जणांनी टपालाने मत दिलं. आठवड्याभराने मोजणी झाली तेव्हा सार्वमताच्या बाजूने ७८ टक्क्यांच्या आसपास मतं होती. स्वतःचा मालमत्ता कर वाढवून घेण्यासाठी, साथीच्या दिवसांत.

पीटरसन यांच्या कारकिर्दीची सगळ्यांत भक्कम बाजू कुठली असं विचारलंत तर मी हीच सांगेन. संघटनेचा जुना पुढारी मंडळात आहे म्हणून लोक बिचकले नाहीत. वस्तीत वर्षानुवर्षं केलेल्या कामाची ती परतफेड होती, असं म्हणायला जागा आहे.

शाळा परत कधी उघडायच्या यावर मात्र पेच आला. २०२०-२१ चं बहुतेक वर्ष मिलवॉकीची मुलं घरून पडद्यावर शिकली. एप्रिल २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने वर्ग उघडले. राज्यातल्या इतर अनेक जिल्ह्यांच्या मानाने हे बरंच उशिरा झालं. संघटनेची भूमिका सावधगिरीची होती, मंडळाचा निर्णयही तसाच. मंडळाने संघटनेचं ऐकलं, की दाट वस्तीतल्या गरीब घरांत साथीचा मार जास्त बसतोय हे पाहून स्वतः ठरवलं? बाहेरून पाहणाऱ्याला हे कधीच वेगळं करता येत नाही, आणि असा माणूस खुर्चीत असण्याची खरी किंमत हीच. निर्णय बरोबर असला तरी तो कुणाचा होता यावर संशय राहतो. ज्या पालकांना मुलं घरी ठेवून कामावर जाणं शक्य नव्हतं त्यांच्या संशयाला मी नावं ठेवणार नाही.

नजर कुठे नव्हती

एप्रिल २०२३ मध्ये पीटरसन यांची मुदत संपली. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

पुढच्या वर्षी, २ एप्रिल २०२४ रोजी, मंडळाने पुन्हा सार्वमत घेतलं. या वेळी मागणी होती वर्षाला २५ कोटी २० लाख डॉलरची, तीही टप्प्याटप्प्याने. ते पास झालं, पण अगदी काठावर. आणि मे महिन्यात राज्याच्या शिक्षण खात्याचं पत्र बाहेर आलं: जिल्ह्याने द्यायचे हिशेब कित्येक महिने थकलेले आहेत, असंच चाललं तर अनुदान अडेल. मतदारांनी करवाढीला हो म्हटलं तेव्हा यातलं काही त्यांच्यासमोर आलेलं नव्हतं. जूनमध्ये शिक्षणप्रमुख कीथ पोझली यांनी राजीनामा दिला. गव्हर्नर टोनी एव्हर्स, जे स्वतः शिक्षक होते आणि पुढे राज्याचे शिक्षणप्रमुख झाले, त्यांनी बाहेरच्यांकडून तपासणी करवून घेण्याचं जाहीर केलं. चिडलेल्या लोकांनी मंडळाच्या काही सदस्यांना मुदतीआधी पदावरून काढण्यासाठी सह्या गोळा केल्या, त्या पुरेशा पडल्या नाहीत.

थकलेले हिशेब ज्या वर्षाचे होते ते जून २०२३ मध्ये संपलं. हिशेब द्यायच्या तारखा आल्या तेव्हा पीटरसन मंडळात नव्हते, त्यामुळे खापर त्यांच्या डोक्यावर फोडणं न्यायाचं होणार नाही. पण लेखाविभाग एका उन्हाळ्यात ढासळत नाही. पोझली यांची नेमणूक २०१८ ची, म्हणजे पीटरसन मंडळात होते ती चारही वर्षं शिक्षणप्रमुख तेच होते. त्यातली दोन वर्षं पीटरसन अध्यक्ष होते.

मला जे दिसतं ते असं. वर्गात काय चाललंय हे कळणारी माणसं मंडळात आली. ग्रंथपाल नसलेली शाळा म्हणजे काय, तिसावं मूल आलं की वर्गाचं काय होतं, द्विभाषिक वर्गाला पुस्तकं का मिळत नाहीत, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मभर ज्या गोष्टींसाठी भांडले त्या गोष्टी त्यांना लगेच दिसल्या. हिशेब तपासनिसाचा अहवाल अजून का आला नाही, हे विचारायचं वळण मात्र संघटनेत लागत नाही. तिथे हिशेब समोरच्याचे असतात आणि त्यात पैसा लपवलेला आहे असं धरूनच बोलायचं असतं. मंडळात आल्यावर ते हिशेब आपले होतात. आक्षेप घेणाऱ्यांनी पहारा बसवला पगाराच्या दारावर, तिथे तर कायद्याने आधीच कुलूप घातलेलं होतं. लेखाविभागाचं दार उघडंच होतं.

सर्वमान्य निकाल देण्याइतकं हे प्रकरण अजून थंड झालेलं नाही. वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत मिलवॉकी मोठ्या शहरांच्या खालच्या गटात आहे, आधीही तिथेच होती. २०२० मध्ये चारांपैकी तीन मतदार हो म्हणाले होते. २०२४ मध्ये त्याच शहरात हो आणि नाही जवळपास सारखे झाले.